इजिप्तची मरिया : एका आवाजाचे व्रत

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दोन निराळे नाद एकाच हवेत मिसळतात. शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची गीते चाललेली असतात आणि त्याच दिवसांत सातपुड्याच्या पाड्यांवरून होळीचे ढोल ऐकू येऊ लागतात. होळी फाल्गुनी पौर्णिमेची आणि आपला पास्काचा सणही चंद्राच्याच हिशेबाने ठरणारा. त्यामुळे ही भेट बहुधा दरवर्षी घडते. पहिल्या नादाला आपण उपासना म्हणतो, दुसऱ्याला करमणूक म्हणून सोडून देतो. ही विभागणी बरोबर आहे का, असा प्रश्न आम्हांला एका परक्या देशात रचल्या गेलेल्या संगीतिकेने घातला. प्रायश्चित्तकाळातल्याच एका संत स्त्रीची ती कथा आहे आणि ती गायिली आहे मुंबईत जन्मलेल्या एका सोप्रानोने. त्या कृतीचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

सोप्रानो हा शब्द आमच्या वाचकांना परका नाही. गायनवृंदातील स्त्रियांचा वरच्या पट्टीतला आवाज तो सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग पुरुषांचे टेनर आणि बास, ही वाटणी गायनवृंदात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सोप्रानोला मान मोठा, पण तिच्याकडून अपेक्षा ठरावीक. स्वररचना आधीच सिद्ध असते. तिने ती गोड गळ्याने गावी आणि खाली बसावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही प्रयोगशील गायिकांनी ही चौकट मोडली. संगीतकार, लेखक, नर्तक आणि दिग्दर्शक यांच्या बरोबरीने त्या नव्या कृतींच्या घडणीत उतरल्या. अशा सहकार्याला मानवणारा प्रकार म्हणजे चेंबर ऑपेरा : मोजकी पात्रे, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके किंवा त्याहून थोडे अधिक वादक, लहानसे सभागृह, आणि गायनाबरोबर नृत्य, चित्र, प्रकाश, क्वचित यंत्रातून येणारा ध्वनीसुद्धा.

पॅट्रिशिया रोझारिओ यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९६० साली मुंबईत कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. मोझार्टपासून आधुनिकांपर्यंत सर्व काही त्या गायिल्या. परंतु त्यांच्या कारकिर्दीला वेगळे वळण लागले ते जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराच्या भेटीने. टॅव्हनर (१९४४-२०१३) यांनी १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केला होता आणि पूर्वेकडील ख्रिस्तमंडळाचे प्राचीन उपासनासंगीत हाच त्यांच्या रचनेचा पाया झाला होता. रोझारिओ यांचा आवाज समोर ठेवून त्यांनी तीसहून अधिक रचना केल्या. एका गायिकेसाठी एवढ्या संख्येने रचना होतात तेव्हा तो गळा वाद्यासारखा वापरला गेला, असे म्हणता येत नाही. त्या गळ्याने संगीतकाराची कल्पनाही घडविली, असेच म्हणावे लागते.

या सहकार्यातील महत्त्वाची कृती म्हणजे १९९२ साली इंग्लंडमधील ऑल्डबरो महोत्सवात सादर झालेली ‘मेरी ऑफ इजिप्ट’. तिचे नाट्यलेखन मदर थेक्ला या ऑर्थोडॉक्स मठवासिनीने केले. रशियात जन्मलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली, इंग्रजी वाङ्मय शिकविलेली ही स्त्री टॅव्हनर यांची आध्यात्मिक मार्गदर्शक होती. दिग्दर्शन लूसी बेली यांचे. संगीतकार, मठवासिनी, गायिका आणि दिग्दर्शिका अशा चौघांच्या हातांतून ही कृती उभी राहिली. तिला टॅव्हनर यांनी ‘संगीत आणि नृत्य यांतील आयकॉन’ असे उपनाम दिले. आयकॉन म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्तमंडळातील पवित्र प्रतिमा. ती पाहायची नसते, तिच्यापुढे उभे राहून प्रार्थना करायची असते. म्हणजे येथे नाटकाने आपण नाटक नसल्याचे आरंभीच सांगून ठेवले आहे.

ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचा विलास, असा एक समज आपल्याकडे आहे. त्याच्या जन्मकाळाकडे पाहिले तर वेगळे दिसते. १६०० सालच्या फेब्रुवारीत रोममध्ये एमिलिओ दे कावालिएरी यांचे ‘आत्मा आणि देह’ यांच्या संवादाचे गायननाट्य सादर झाले, ते संत फिलिप नेरी यांनी स्थापिलेल्या प्रार्थनागृहाच्या परिसरात. सामान्य प्रापंचिकांनी एकत्र यावे, प्रवचन ऐकावे, गावे, प्रार्थना करावी अशी त्या संताची रीत होती. आरंभापासून अखेरपर्यंत गायिल्या जाणाऱ्या नाटकाच्या अगदी पहिल्या उदाहरणांत या कृतीची गणना होते. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. पण त्यात संवादांच्या अधूनमधून पदे येतात. ऑपेरात बोलणे आणि गाणे असा भेदच राहत नाही. म्हणूनच तिच्यात गायिकेची कसोटी अधिक कठीण असते. ती गाण्याच्या आधी आणि गाण्याच्या नंतर पात्र होऊ शकत नाही. जे काही व्हायचे ते तिला गात असतानाच व्हावे लागते.

संत मरियेची कथा आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. जेरुसलेमचे सातव्या शतकातील धर्माध्यक्ष संत सोफ्रोनियस यांच्या नावे तिचे चरित्र आले आहे. बाराव्या वर्षी ही मुलगी घर सोडून अलेक्झांड्रियाला जाते आणि सतरा वर्षे देहसुखात घालविते. तेही पैशासाठी नव्हे, हौसेने. पवित्र क्रूसाच्या सणासाठी यात्रेकरू जेरुसलेमला निघालेले पाहून केवळ गंमत म्हणून ती त्यांच्या गलबतावर चढते. मंदिराच्या दारापाशी मात्र कोणती तरी अदृश्य शक्ती तिला अडविते. सारे आत जातात, ती एकटी बाहेर राहते. अंगणातील देवमातेच्या प्रतिमेपुढे ती रडते, मग दार उघडते. यार्देन ओलांडून ती वाळवंटात जाते आणि सत्तेचाळीस वर्षे एकटी राहते. तिकडे झोसिमा नावाचा एक मठवासी आहे. त्रेपन्न वर्षांच्या साधनेनंतर त्याच्या मनात येते की, मला शिकवील असा आता कोणी उरला नाही. त्याला शिकवायला देव वाळवंटातली ही स्त्री पाठवितो. पुढल्या पवित्र गुरुवारी तो तिला ख्रिस्तशरीर देतो. त्यानंतरच्या वर्षी तो येतो तेव्हा तिचे निष्प्राण शरीर त्याला सापडते, आणि एक सिंह तिची कबर खोदायला पंजे लावतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तमंडळ प्रायश्चित्तकाळाचा पाचवा रविवार तिच्या स्मरणाला देते.

कथेत सनसनाटी भरपूर आहे. आजच्या एखाद्या दिग्दर्शकाने अलेक्झांड्रियाच्या प्रसंगांवरच सारा खर्च केला असता. टॅव्हनर आणि थेक्ला यांना त्याचा मोह झालेला नाही. दोन माणसे, दोन अपुरेपणे, एवढ्यावर त्यांची दृष्टी खिळली आहे. मरियेकडे प्रेमाचा आवेग आहे, पण त्याला ठिकाण नाही. झोसिमाकडे सद्गुण आहेत, पण त्यांत प्रेमाचा ओलावा नाही. दोघेही उपाशी आहेत आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

या संगीतिकेच्या मूळ गायकसंचाचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले. त्यात नृत्य दिसत नाही, प्रकाश दिसत नाही, वेशभूषा दिसत नाही. बहुमाध्यमी कृतीला यापेक्षा कठोर परीक्षा नाही. इतर सर्व माध्यमे काढून घेतली आणि केवळ आवाज ठेवला, तर काय उरते?

आमच्या मते पुष्कळ उरते. पूर्वेकडील उपासनासंगीतात एक अखंड आधारस्वर खाली चालू असतो. त्याला इसोन म्हणतात, आणि तंबोऱ्याच्या षड्जावर वाढलेल्या आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. त्या स्थिर स्वरावर रोझारिओ यांचा आवाज आरंभी वळणे घेत, आर्जव करीत फिरतो. हळूहळू ते फिरणे ओसरते. स्वर लांब होतात, वर चढतात, आणि नाट्यगृहातील गायिका ज्या भरदार कंपाने स्वर सजविते तो कंप जणू गळून पडतो. तार सप्तकात, अगदी हलक्या आवाजात, एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवणे हे दमसासाच्या दृष्टीने फार अवघड काम आहे. जोरात गाताना अनेक दोष झाकले जातात, हळू गाताना एकही झाकला जात नाही. रोझारिओ येथे जे काही शिकल्या होत्या त्यातले बरेचसे बाजूला ठेवतात, आणि ते बाजूला ठेवण्यासाठीच त्यांना सारे शिक्षण उपयोगी पडते. मरियेचा पश्चात्ताप आपल्याला कोणी सांगत नाही. तो तिच्या स्वराच्या उत्तरोत्तर होत जाणाऱ्या गरिबीतून आपल्या कानांवर येतो.

मरिया आणि झोसिमा यांची वाळवंटात गाठ पडते, तो प्रसंग कळसाचा. चरित्रात असे आहे की दोघेही जमिनीवर लोटांगण घालतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो की आशीर्वाद तू द्यावास. तो धर्मगुरू आहे म्हणून तिचे म्हणणे असे. ती देवाच्या अधिक जवळ आहे म्हणून त्याचे म्हणणे तसे. संगीतिकेत याचे युगलगीत झाले आहे. स्त्रीचा उंच आवाज आणि पुरुषाचा खोल आवाज एकमेकांना वर ढकलण्याऐवजी एकमेकांपुढे वाकत राहतात. ऑपेराच्या चारशे वर्षांत प्रेमिकांची, वैऱ्यांची, मायलेकरांची युगलगीते असंख्य झाली. आधी तू, आधी तू असे विनविणारे युगलगीत आम्हांला दुसरे ठाऊक नाही. स्टीफन वार्को यांनी झोसिमा असा गायिला आहे की, त्याचा ज्ञानाभिमान गळताना ऐकू यावा.

कृतीत दोष नाहीत असे नव्हे. पहिला दोष संथपणाचा. आयकॉन हलत नाही हे खरे, पण प्रतिमेपुढे किती वेळ उभे राहायचे हे भाविक ठरवितो. संगीतिकेत ते संगीतकार ठरवितो, आणि काही ठिकाणी तो श्रोत्याच्या दमाचा अंदाज चुकवितो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. देवमातेचा आवाज टॅव्हनर यांनी क्लोई गुडचाइल्ड यांना दिला. त्या ऑपेराच्या परंपरेबाहेरच्या, भारतीय गायनाचा संस्कार घेतलेल्या गायिका. पापिणीला घोटून तयार केलेला गळा आणि देवमातेला आदिम, खडबडीत वाटणारा गळा, ही योजना धाडसी आहे आणि पहिल्या श्रवणी अंगावर काटा आणते. परंतु तिच्यामागे एक गृहीत दडले आहे : जे घडविलेले नाही ते अधिक पवित्र, जे पूर्वेकडचे ते देवाच्या अधिक निकट. आम्हांला हे गृहीत मान्य नाही. ज्यांना दुरून ‘आदिम’ म्हटले जाते त्यांच्या गायनामागेही पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम असते. ती दुसऱ्याला दिसत नाही, एवढेच.

हे आम्ही नंदुरबारमध्ये राहून म्हणतो, म्हणून थोडे स्पष्ट करतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या या समाजाची होळी पाहायला दूरदूरचे लोक येतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी तर प्रसिद्धच आहे. मोरपिसांचे उंच टोप, अंगावर ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, ढोल आणि पावरीच्या नादावर रात्रभर चाललेला नाच आणि पहाटे पेटणारी होळी हे सारे छायाचित्रांतून सर्वांनी पाहिले आहे. छायाचित्रांत एक गोष्ट मात्र येत नाही. नवस करून बुध्या किंवा बावा झालेली माणसे होळीच्या आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, संयमाने राहतात. ते टोप, ते ठिपके, तो ताल या व्रतातून उगवतात. गाणे, नाच, वेश, अग्नी अशी सारी माध्यमे तेथे एकत्र येतात, आणि त्यांना बांधून ठेवणारा धागा कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातात नसतो. तो व्रतात असतो.

‘मेरी ऑफ इजिप्ट’ जेथे यशस्वी होते तेथे ती याच कारणाने होते. मठवासिनीने शब्दांचा संयम पाळला, संगीतकाराने वाद्यांचा, गायिकेने कंपाचा. प्रत्येकाने काही तरी सोडले, म्हणून एकमेकांसाठी जागा झाली. पुढे २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये टॅव्हनर यांचे ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ हे जागरण झाले. सुमारे सात तास, रात्रीपासून पहाटेपर्यंत चाललेल्या त्या गायनातही रोझारिओ होत्या. त्याचे वर्णन वाचताना आम्हांला ऑपेरागृहाची आठवण झाली नाही, सातपुड्यातल्या रात्रीची झाली.

यंत्रे आली की हे व्रत मोडते, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. फिनलंडच्या संगीतकर्त्या काइया सारियाहो (१९५२-२०२३) यांची ‘ला पासिआँ द सिमोन’ ही कृती २००६ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली. कॅथलिक धर्माच्या उंबरठ्यापर्यंत आलेली विचारवंत सिमोन वेय (१९०९-१९४३) हिच्या जीवनाचे पंधरा टप्पे क्रूसाच्या वाटेप्रमाणे तीत मांडले आहेत. शब्दरचना अमीन मालूफ यांची. पुढे छोट्या वाद्यवृंदासाठी तिचे रूपांतरही झाले. मूळ रूपात सिमोनचे विचार निवेदिकेच्या ध्वनिमुद्रित आवाजात येतात आणि सोप्रानो त्या मृत बहिणीशी बोलते, तिला प्रश्न विचारते, तिच्या उपवासाने मन दुखावल्याचेही सांगते. यंत्रातून आलेला आवाज येथे शोभेसाठी नाही. तो एका अनुपस्थित व्यक्तीला उपस्थित करतो, आणि गायिकेने त्याला उत्तर द्यावे म्हणून गप्प राहायलाही तयार असतो.

आता आपल्या अंगणात येऊ. अलीकडे धर्मग्रामांतील नाताळच्या कार्यक्रमांत आणि प्रायश्चित्तकाळातील दुःखसहनाच्या नाट्यांत कीबोर्ड, पडद्यावरील चित्रे, रंगीत दिवे, तयार ध्वनिफिती यांचा वापर वाढला आहे. त्याला आमची हरकत नाही. आमची खंत दुसरी आहे. आदिवासी भाविकांचा ढोल आणि नाच आपण पाहुण्यांच्या स्वागतासाठी दारापर्यंत आणतो. मिस्सा सुरू झाली की तो बाहेर राहतो, आणि आत शहरातून आलेल्या चाली सुरू होतात. इजिप्तच्या मरियेला दाराशी अदृश्य शक्तीने अडविले होते. या गायकांना अडविणारी शक्ती फारशी अदृश्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान आणि उपासनेत योग्य स्थान द्यावे असे बजावले, त्याला सहा दशके होऊन गेली. एस.व्ही.डी. संघाचे फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून भारतीय नृत्य आणि भजन यांतून ख्रिस्तचरित्र उभे केले. वाट दाखविणारे आपल्यात झाले आहेत. चालणारे थोडे झाले.

याचा अर्थ होळीचा नाच उचलून वेदीपुढे ठेवावा असा नाही. तसे करणे म्हणजे टॅव्हनर यांच्या दुसऱ्या दोषाची पुनरावृत्ती होईल. परक्याचे व्रत वगळून त्याचा वेश तेवढा घेणे ही चोरीच. ज्या भाविक स्त्रिया घरी भिली किंवा मावची बोलतात, त्यांना आपण विचारले पाहिजे की आपल्या प्रभूच्या दुःखाविषयी तुम्ही तुमच्या भाषेत, तुमच्या सुरात काय गाल? मग पेटी आणि कीबोर्ड वाजविणाऱ्यांनी थांबून ऐकले पाहिजे, आणि जेथे आपली चाल आड येत असेल तेथे ती सोडली पाहिजे. रोझारिओ यांनी २००९ पासून भारतातील तरुण गायकांना शिकविण्यासाठी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम चालविला. त्यातून मुंबई-गोव्यातील अनेक गळ्यांना वळण मिळाले. शिकविण्याचे हे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांच्याच गाजलेल्या भूमिकेचा बोध असा आहे की त्रेपन्न वर्षे शिकलेल्यालाही एक दिवस शिकायला निघावे लागते.

प्रयोगशील कलेवर आपल्याकडे आक्षेप घेतला जातो की ती मूठभरांची असते. ‘मेरी ऑफ इजिप्ट’ ऐकणारे जगातही मूठभरच असतील. पण त्या युगलगीतातला प्रश्न कोणत्याही धर्मग्रामाचा आहे. गायनवृंदाच्या पहिल्या रांगेत उभी असलेली शिकलेली सोप्रानो आणि शेवटच्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत आपल्या बोलीत गुणगुणणारी बाई, या दोघींपैकी आशीर्वाद कोणी कोणाला द्यावा? झोसिमा वाकला, म्हणून त्याला मरियेची कथा ऐकायला मिळाली. येत्या प्रायश्चित्तकाळात डोंगरावरून ढोल ऐकू येईल तेव्हा आपण खिडकी लावून घेणार की थोडे थांबणार, एवढे ठरविले तरी या संगीतिकेचे आपल्यापुरते सार्थक झाले असे आम्ही समजू.